प्रज्ञावंत कोणाला म्हणावे?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता आंबेनळी घाटाने वर चढतो. वाटेत प्रतापगड लागतो आणि खाली सावित्री नदीचे खोरे दिसते. या मुलखात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस म्हणजे पाण्याची चंगळच असेल, असे कोणालाही वाटेल. पण फाल्गुन-चैत्र उजाडला, की याच डोंगरातील कित्येक वाड्यांत पिण्याच्या पाण्यासाठी लांब चालावे लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते. असे का होते? डोंगराचे उतार तीव्र आहेत, खाली काळा कठीण पाषाण आहे. त्यामुळे पडलेले बहुतेक पाणी अडत नाही, मुरत नाही. ते सावित्रीत जाते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते.

वाचक मित्रांनो, या लेखाचा विषय पाणी नाही; बुद्धी हा आहे. पण बुद्धीच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. तीव्र बुद्धीची मुले फक्त मोठ्या शहरांत जन्मतात असे नाही. ती सगळीकडे जन्मतात. मात्र ती ओळखली गेली नाहीत, त्यांना योग्य वेळी योग्य शिक्षण मिळाले नाही, तर त्यांची बुद्धी वाया जाते. आणि ती वाया गेली हे कोणाला कळतही नाही. म्हणून ‘प्रज्ञावंत’ म्हणजे कोण, त्याला ओळखायचे कसे, हे प्रश्न फक्त मानसशास्त्रज्ञांचे नाहीत. ते तुमच्या वर्गाचे आहेत.

बुद्धी मोजायची कशी?

बुद्धी मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी मुलांसाठी प्रश्नांची एक मालिका तयार केली. त्यांचा हेतू हुशार मुले निवडण्याचा नव्हता. शाळेत मागे पडणारी, जादा मदतीची गरज असणारी मुले कोणती, हे त्यांना शोधायचे होते. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी वस्तू आहे, हे मतही बिने यांना मान्य नव्हते.

या कसोट्यांतून ‘मानसिक वय’ ही कल्पना निघाली. समजा, आठ वर्षांची एक मुलगी साधारणपणे दहा वर्षांच्या मुलांना सुटणारे प्रश्न सोडवते. तिचे मानसिक वय दहा झाले. विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती सुचवली. त्या भागाकाराला १०० ने गुणले, की ‘बुद्ध्यंक’ मिळतो. आपल्या उदाहरणातील मुलीचा बुद्ध्यंक १० भागिले ८ गुणिले १००, म्हणजे १२५ येईल. आता ही रीत मागे पडली आहे. आज एकाच वयाच्या पुष्कळ मुलांची परीक्षा घेऊन त्यांच्या सरासरीला १०० मानतात आणि प्रत्येक मूल त्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहतात. या पद्धतीने १३० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यंक असणारी मुले शंभरात सुमारे दोन असतात. त्यांना रूढ अर्थाने प्रज्ञावंत म्हटले जाते.

आपल्याकडे धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बिने यांच्या कसोट्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवल्या. असे रूपांतर का करावे लागते, हे समजणे अवघड नाही. ज्या मुलाने लिफ्ट कधी पाहिलेली नाही त्याला लिफ्टवरचा प्रश्न विचारला आणि त्याला तो सुटला नाही, तर त्यावरून त्याची बुद्धी कळत नाही. तो कोठे राहतो एवढेच कळते. उलट इरले कसे विणतात, नाचणीची रोपे केव्हा लावतात, हे प्रश्न मुंबईच्या मुलाला विचारले तर तोही गोंधळेल. कसोटी जिथे तयार झाली त्या मातीचा वास तिला येतोच.

मापातून निसटलेले

मग चांगली कसोटी घेतली म्हणजे सगळे प्रज्ञावंत सापडतात का? याचे उत्तर एका प्रसिद्ध अभ्यासातून मिळते. अमेरिकेतील ल्युइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडली. ती मोठी होऊन काय करतात याची नोंद पुढे अनेक दशके ठेवली गेली. त्यांतील बरीच मुले चांगली शिकली, प्राध्यापक, डॉक्टर, वकील झाली. पण या गटातील एकालाही नोबेल पारितोषिक मिळाले नाही. गंमत पुढेच आहे. निवडीच्या वेळी ज्यांची चाचणी घेतली आणि गुण कमी पडले म्हणून ज्यांना वगळले, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोन मुलगे होते. शॉकली यांना ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना मूलकणांवरील संशोधनाबद्दल १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले!

याचा अर्थ कसोट्या खोट्या असतात असा नाही. कसोटी बुद्धीचा एक भाग मोजते. सगळे माणूस मोजत नाही. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये या उणिवेकडे लक्ष वेधले. बहुतेक परीक्षांत एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते. पण नवी कल्पना सुचण्यासाठी एका प्रश्नाला अनेक उत्तरे शोधणारी बुद्धी लागते. तिलाच आपण सर्जनशीलता म्हणतो. करून पाहा. घड्याळ लावून पाच मिनिटांत नारळाच्या करवंटीचे जितके उपयोग सुचतील तितके लिहा. कोणी ‘डाव, वाटी, पणती, झाकण’ असे चार उपयोग लिहून थांबेल. दुसरा कोणी तिच्यात भोक पाडून पाण्याचे घड्याळ करील, दोन करवंट्या दोरीने बांधून बोलण्याचे यंत्र करील. वर्गातला पहिला नंबर आणि या यादीतला पहिला नंबर नेहमी एकाचाच असतो असे नाही.

जोसेफ रेन्झुली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये प्रज्ञेचे तीन घटक सांगितले. सरासरीहून अधिक क्षमता हा पहिला, सर्जनशीलता हा दुसरा आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास हा तिसरा. हे तीनही जिथे एकत्र येतात तिथे मोठे काम उभे राहते. तिसऱ्या घटकाचे आपल्याकडचे सुंदर उदाहरण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. ते १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. त्यांचा छंद एकच, आकड्यांशी खेळणे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा एक चमत्कार मांडला. तुम्हीही तो पडताळा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा आणि त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

आता कितीही वेळा करा, ६१७४ च येईल. सुरुवात कोणत्याही संख्येने केली तरी फार तर सात पायऱ्यांत तुम्ही याच ठिकाणी पोहोचता. आज ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. पण सुरुवातीला त्यांच्या कामाकडे फारसे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीला आले होते. ही वजाबाकी तिसरी-चौथीतल्या मुलालाही येते. ती पुन्हा पुन्हा करून ‘असे का होते?’ हे विचारत राहणे मात्र फार थोड्यांना जमते.

वर्गातले प्रज्ञावंत मूल

आता तुमच्या वर्गाकडे वळू या. प्रज्ञावंत मूल म्हणजे शांत बसणारे, सुवाच्य अक्षराचे, नेहमी पहिले येणारे मूल, अशी आपली समजूत असते. काही मुले तशी असतातही. पण पुष्कळ तशी नसतात. याचे एक कारण असे, की अशा मुलांची वाढ सर्व बाजूंनी सारख्या वेगाने होत नाही. नऊ वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्या मुलासारखा विचार करतो, पण त्याची बोटे नऊ वर्षांचीच असतात. म्हणून अक्षर वेडेवाकडे येते. खेळात हरला की तो नऊ वर्षांच्या मुलासारखाच रडतो. मोठी माणसे म्हणतात, “एवढे कळते आणि रडतोस काय?” त्यात त्या मुलाचा काहीच दोष नसतो.

दुसरे कारण कंटाळा. जी गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत समजली ती पुढची तीस मिनिटे ऐकायची वेळ आली, तर कोणीही खिडकीबाहेर बघेल, शेजाऱ्याच्या खोड्या काढील किंवा शिक्षकांना अडचणीचे प्रश्न विचारील. असे मूल ‘द्वाड’ ठरते. तिसरे कारण भाषा. घरी वेगळी बोली बोलणारे मूल पुस्तकी मराठीत अडखळते आणि मठ्ठ समजले जाते. चौथे कारण तर अगदी साधे आहे. मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही किंवा कानाने कमी ऐकू येते, आणि हे कोणी तपासलेलेच नसते. डोंगरातल्या लहान शाळेत एकच शिक्षक एकाच खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळत असतात. अशा धावपळीत हे सारे सहज निसटून जाते.

मग ओळखीच्या खुणा कोणत्या? ‘कसे’ आणि ‘का’ हे प्रश्न सतत विचारणे, एका विषयात तहानभूक विसरून रमणे, दूरच्या दोन गोष्टींतला संबंध चटकन दिसणे, स्मरणशक्ती दांडगी असणे, विनोद लवकर कळणे, अन्याय सहन न होणे. या सर्व खुणा एकाच मुलात सापडतील असे नाही. आणि त्या फक्त अभ्यासातच दिसतील असेही नाही. पावसाळ्यात कोणत्या ओढ्याला पाणी केव्हा चढते, ते किती वेळात उतरते, हे वर्षानुवर्षे पाहून अचूक सांगणारी एखादी मुलगी निरीक्षण करते, नोंद ठेवते आणि अंदाज बांधते. शास्त्रज्ञाचे काम याहून वेगळे नसते. फक्त तिची वही तिच्या डोक्यात असते.

महाडशी जोडलेली दोन नावे

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरवरून पुढे गेले की महाड येते. या गावाशी दोन असामान्य बुद्धीच्या माणसांची नावे जोडलेली आहेत.

पहिले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. घरात शिक्षणाची परंपरा होती. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले आणि स्वतः संस्कृत कविताही लिहिली.

दुसरे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. सातारच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यावा लागे. शिपाई नसेल तर प्यायला पाणीही मिळत नसे. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचे होते. पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केले. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले होते. त्यांनी त्याला पुस्तके दिली आणि सयाजीराव गायकवाडांची मदत मिळावी म्हणून खटपट केली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना अर्थशास्त्रातील डी.एस्सी. ही पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया. आणि २० मार्च १९२७ रोजी याच माणसाला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला.

१९५० आणि १९५१ मध्ये हे दोघेही एकाच केंद्रीय मंत्रिमंडळात होते. देशमुख अर्थमंत्री, आंबेडकर कायदामंत्री. दोघांचीही बुद्धी असामान्य होती. पण एकासाठी दारे उघडी होती आणि दुसऱ्याला प्रत्येक दार ढकलावे लागले. केळुसकर गुरुजी भेटले नसते, शिष्यवृत्ती मिळाली नसती, तर काय झाले असते? ज्यांना केळुसकर भेटलेच नाहीत अशी किती मुले त्या काळात होती? त्यांची नावे इतिहासात नाहीत, म्हणून त्यांची मोजदादही करता येत नाही.

बियाणे आणि जमीन

“बुद्धी जन्मजात असते की परिस्थितीने घडते?” हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. एक उदाहरण घेऊ. नाचणीच्या एकाच पोत्यातले मूठभर बी डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पेरले आणि मूठभर बी खताच्या सुपीक वाफ्यात पेरले. एकाच वाफ्यातल्या दोन रोपांत जो फरक दिसेल तो बहुतांशी बियाण्याचा असेल. पण उतारावरची सगळी रोपे खुरटी आणि वाफ्यातली सगळी टवटवीत दिसली, तर तो फरक बियाण्याचा नाही, जमिनीचा आहे. म्हणून आनुवंशिकता महत्त्वाची आहे हे मान्य करूनही, एका गावातली मुले दुसऱ्या गावातल्या मुलांहून जन्मतःच कमी आहेत असे त्यातून सिद्ध होत नाही.

जमिनीचा परिणाम किती खोल असतो याचे पुरावे आहेत. गर्भावस्थेत आणि बालपणी आयोडीन कमी पडले तर मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच मिठात आयोडीन घालतात. रक्तात लोह कमी असेल तर मुलाचे लक्ष लागत नाही. आणखी एक गोष्ट न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाचण्या ताडून पाहिल्यावर लोकांचे सरासरी गुण सतत वाढत गेलेले दिसले. इतक्या थोड्या काळात जनुके बदलत नाहीत. बदलले ते अन्न, आरोग्य, शाळा आणि विचार करण्याच्या सवयी.

प्रज्ञेला वयाची अटही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या रचत असलेली कविता त्यांचे पुत्र सोपानदेव आणि इतरांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले. त्यांचा काव्यसंग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. टिपून ठेवणारे कोणी घरात नसते, तर ही प्रतिभा जगाला कळलीच नसती. तुमच्या घरातल्या आजीला, गावातल्या गवंड्याला कधी कोणी कसोटी दिलेली नाही. म्हणून त्यांच्याकडे प्रज्ञा नाही असे समजू नका.

करायचे काय?

महाराष्ट्रात या दिशेने प्रयत्न झाले आहेत. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापन केली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावंत मुलांसाठी तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धी ही समाजाच्या कामी आली पाहिजे, हा तेथील शिक्षणाचा गाभा आहे. ग्रामीण मुलांसाठी केंद्र सरकारने नवोदय विद्यालये काढली. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीला होते. रायगड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. तेथे सहावीला प्रवेश परीक्षेने मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात.

पण थोडा हिशेब करा. एखाद्या जिल्ह्यात पाचवीच्या वर्गात ३०,००० मुले आहेत असे समजा. शंभरात दोन धरले तरी ६०० प्रज्ञावंत मुले झाली. जागा मात्र वर्षाला जास्तीत जास्त ८०. बाकीची ५२० मुले आपापल्या शाळेतच राहणार. म्हणजे खरे काम साध्या शाळेतच व्हायला हवे.

शिक्षकांनी अशा मुलाला त्याच प्रकारची आणखी वीस गणिते देऊ नयेत. एकच, पण अवघड गणित द्यावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर “आपण दोघे मिळून शोधू” असे म्हणावे. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मुलगी सातवीनंतर शाळेत दिसेनाशी झाली, तर तिच्या घरी जाऊन यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही दोन गोष्टी आहेत. तुम्हाला सगळे ‘हुशार’ म्हणत असतील तर सावध राहा. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना “तू हुशार आहेस” असे म्हटले, काहींना “तू मेहनत घेतलीस” असे म्हटले. हुशार म्हटलेली मुले पुढे सोपी कामे निवडू लागली. अवघड प्रश्नापुढे ती लवकर हरली. आपला शिक्का पुसला जाईल याची त्यांना भीती वाटू लागली होती. आणि तुम्हाला कोणीच हुशार म्हणत नसेल, तर शॉकली आणि अल्वारेझ यांची गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सोपी आहे. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवा. खोक्याला फट पाडली तरी चालेल. आठवडाभर प्रत्येकाने ज्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही असा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. नाव लिहायचे नाही. शनिवारी शिक्षकांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात आणि सर्वांनी मिळून तीन उत्तम प्रश्न निवडावेत. ते कोणाचे आहेत हे नंतर विचारा. निदान एक प्रश्न तरी असा निघेल, की जो विचारणाऱ्याकडे आजवर कोणाचे लक्षच गेलेले नव्हते.